तीन पावलं लांब

कांबळे बाईंची बदली करा म्हणून गावानं जो अर्ज केला, त्यावर तिसरी सही माझ्या वडिलांची होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी गावाला नावं ठेवायला लागले की कुणी विचारायला नको, बाई, तेव्हा तुमचं घर कुठं होतं. आमचं घर त्याच अर्जात होतं. सही इंग्रजीत, वळणदार, खाली दोन रेघा. आबांना सही करायला फार आवडायचं.

नळदुर्गहून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. सातवीपर्यंतची शाळा, शाळेपुढं मैदान, मैदानाच्या कडेला फाटा आणि फाट्यावर दूध सोसायटीची पत्र्याची इमारत. बहात्तरचा दुष्काळ सरून सात-आठ वर्षं झाली होती. शेतीचं काही खरं नाही, म्हैस तरी दोन वेळा देते, हे घराघरांत पटलं होतं. सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन पोरी सोसायटीकडं निघायच्या. दूध घालणं हे पोरींचं काम. पोरांचं काम काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

बाई रोज नळदुर्गहून यायच्या, कारण गावात खोली मिळाली नाही. मिळाली नाही म्हणजे दिली नाही. तीन घरं रिकामी होती. बाईंचं आडनाव कळलं, बौद्ध दीक्षा घेतलेलं घर आहे हे कळलं, की प्रत्येक घरमालकाचा सोलापूरचा पुतण्या पुढच्याच महिन्यात राहायला येणार असायचा. तो पुतण्या मी गाव सोडेपर्यंत आला नव्हता.

बाई ठेंगण्या, सावळ्या. खळ घातलेलं पांढरं पातळ, आणि मनगटावर वडिलांचं भलंमोठं पुरुषी घड्याळ. त्याचा पट्टा सैल होता. हात वर केला की घड्याळ सर्रकन कोपरापर्यंत घसरायचं, मग त्या ते खाली ओढायच्या आणि ओढता ओढता वेळ बघायच्या. दिवसातून शंभरदा. दुसऱ्या हातात फिरकीच्या झाकणाचा तांब्या. त्या तांब्याची गोष्ट अशी की पहिल्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं, तेव्हा शिपायानं माठातलं पाणी काढून वरून धार धरली. म्हणजे बाईंनी ओंजळ करून प्यावं. बाईंनी ओंजळ केली नाही. त्या धारेखाली शांतपणे हात धुतले, पदराला पुसले आणि वर्गात गेल्या. दुसऱ्या दिवसापासून घरचा तांब्या.

त्यातलं पाणी मागेल त्याला मिळायचं. मी एकदा मागून प्यायले. मधल्या सुट्टीत घरी जेवायला गेले तर बातमी माझ्याआधी पोहोचली होती. आईनं मला दारातच उभं केलं, डोक्यावरून पाणी ओतलं आणि मगच आत घेतलं. ओल्या वेण्या घेऊन परत वर्गात आले. बाईंनी माझ्याकडं बघितलं, घड्याळ खाली ओढलं आणि म्हणाल्या, "दुपारची न्हालीस व्हय? उन्हात बस जरा, सर्दी होईल." बस. त्या जागी मी असते तर आईला जाऊन चार शब्द सुनावले असते. मला आजही आईची बाजू घ्यावीशी वाटत नाही.

बाईंचं वेड म्हणजे आवाज. कवायतीच्या तासाला त्या सातवीच्या सगळ्या पोरापोरींना शाळेच्या भिंतीपाशी उभं करायच्या आणि स्वतः मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाखाली जायच्या. एकेकानं पुढं येऊन आपलं नाव सांगायचं. ते लिंबापाशी ऐकू गेलं पाहिजे. नाव झालं की म्हणायचं, "नको." मग म्हणायचं, "मी येणार नाही." ऐकू गेलं की बाई हात वर करायच्या, घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं, आणि तेवढ्यानं आम्हाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. ऐकू नाही गेलं तर तिकडूनच विचारायच्या, "आवाज घरी ठेवून आलीस का?"

आमच्यातल्या बहुतेकींनी तो घरीच ठेवलेला असायचा. मुलीचा आवाज ओट्यापर्यंत गेला तर डोळे वटारले जायचे. आम्ही हाक मारायला सुद्धा धाकट्या भावाला पाठवायचो. पहिले कितीतरी दिवस माझं नाव निम्म्या मैदानापर्यंतच जायचं. पोरं फिदीफिदी हसायची. बाई त्यांनाही सोडायच्या नाहीत. "हसा, पण म्हणा. तुमच्या अंगाला काय पत्रा लावलाय?"

हेडमास्तरांनी एकदा मैदानातच हटकलं. "बाई, हा काय गोंधळ? अभ्यासक्रमात कुठं आहे हे?"

"शारीरिक शिक्षणात, सर. गळा शरीरातच येतो की."

आवाज झाला की बोलणं. लिंबाखाली बसवून त्या सांगायच्या, आडपडदा न ठेवता आणि तरी आमच्या माना खाली जाणार नाहीत अशा बेतानं. अंग ज्याचं त्याचं. मोठा माणूस आहे, नात्यातला आहे, मास्तर आहे, देवाचं करणारा आहे, म्हणून त्याला ते वापरायला मिळत नाही. ज्याच्याजवळ जायला पोटात कसंतरी होतं, त्याच्यापासून तीन पावलं लांब उभं राहायचं. तीन पावलं म्हणजे त्याचा हात पोहोचत नाही आणि आपल्याला पळायला मिळतं. नमस्कार लांबूनही होतो. आणि कुणी म्हणालं, हे आईला सांगू नको, तर ते सगळ्यांत आधी आईला सांगायचं.

"आई मारंल की बाई," कुणीतरी म्हणालं.

"मग मला सांग. मी नसले तर दुसऱ्याला. ऐकणारं माणूस सापडेपर्यंत सांगत ऱ्हायचं. एकानं ऐकलं नाही म्हणून गप बसायचं नाही."

आम्ही विचारलं, बाई, तुम्हाला हे कुणी शिकवलं? त्या म्हणाल्या, कुणी नाही. मग एकदाच त्यांनी सांगितलं. दुष्काळात त्यांचं सगळं घर खडी फोडायला जायचं. बाई नुकत्याच शिकून नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत होत्या, त्याही जायच्या. तिथं मुकादम सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारं खायचं पीठ, वाटायचा. त्यांच्या तेरा वर्षांच्या मावसबहिणीला तो मूठभर जास्त द्यायचा. सगळ्यांना वाटायचं, पोरगी नशिबाची. "ती मला निम्मी द्यायची. म्या खायचे," बाई म्हणाल्या. एरवी त्या आमच्यासमोर 'मी' म्हणायच्या. पुढं त्या मुलीनं सांगितलं, ते का जास्त मिळतं. तर मोठी माणसं तिलाच म्हणाली, तू घेतलीसच का? महिन्याभरात तिचं लग्न लावून दिलं, एका पोक्त माणसाशी. मुकादम त्याच कामावर राहिला आणि तीच सुकडी वाटत राहिला.

गोष्ट सांगून झाल्यावर बाईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, चला, भूगोल.

आता नाना. सोसायटीचे सेक्रेटरी. पांढरी टोपी, तोंडात कायम 'बाळ' आणि 'माय', खिशात पोरांसाठी पेपरमिंट. दुष्काळात गावाला पाण्याचा टँकर यांनीच खटपट करून आणलेला. ते उपकार गावानं इतके जपले होते की नानांनी काहीही केलं तरी त्या टँकरचं पाणी आधी आठवायचं. दुधाची डिग्री, म्हणजे त्यात पाणी किती ते, बघायची काचेची नळी ते आतल्या खोलीत ठेवायचे. बाहेरच्या उन्हानं डिग्री चुकते म्हणे. एखाद्या पोरीच्या दुधाला डिग्री कमी आली की नाना म्हणायचे, "बाळ, तू थांब. शेवटी परत लावून बघू." दूध नापास होऊन घरी परत न्यायचं म्हणजे मार ठरलेला. पोरगी थांबायची. आणि डिग्री कमी यायची ती ठरावीक पोरींचीच, ज्यांच्या घरात विचारायला कुणी येणार नाही अशा. हे सगळ्या रांगेला दिसत होतं. आंधळं कुणी नव्हतं.

सुमन माझ्या शेजारी बसायची. वडील हैदराबाद रोडला ट्रकवर, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारे. घरात ती, आई आणि म्हैस. त्या पावसाळ्यात ती वर्गात बोलेनाशी झाली. मैदानात तिची पाळी आली की नुसती उभी राहायची. बाईंनी तिला "आवाज घरी ठेवून आलीस का" असं एकदाही विचारलं नाही. एक दिवस लिंबापाशी ती स्वतःच गेली. जाताना माझा हात धरला, म्हणून मीही होते. तिनं बाईंना काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. बाईंनी मध्ये एक प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाल्या, "सांगितलंस, लई बरं केलंस. ह्यात तुझी चूक नाही." मग तेच वाक्य त्यांनी परत म्हटलं. त्यांचं घड्याळ कोपरापाशीच अडकलं होतं, त्यांनी ते खाली ओढलं नाही.

त्याच दुपारी बाईंनी हेडमास्तरांना कागद लिहून दिला. हेडमास्तरांनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. "दूध सोसायटी शाळेच्या आवाराबाहेर आहे, बाई." एवढं भूगोलाचं ज्ञान त्यांनी आम्हाला कधी दिलं नव्हतं.

मग बाई सुमनच्या घरी गेल्या. वाट दाखवायला मी. सुमनची आई, गोदामावशी, गोठ्यात होत्या. पाणी आणलं ते तांब्या उंच धरूनच. बाई म्हणाल्या, तहान नाही. आणि जे सांगायचं ते सांगितलं. गोदामावशींनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला ठावं हाय. पोरीच्या तोंडावर दिसतंय की. पर तिचा बाप आला की आधी तिलाच तुडवंल. आन् नानाशी वाकडं घेऊन दूध कुठं घालू? आमाला ह्याच गावात ऱ्हायचंय."

"मग एवढं करा. उद्यापासून दूध तुम्ही घाला. पोरीला धाडू नका."

"बायामानसं न्हाय जात रांगंत."

"पोरी जातात ते चालतं?"

दुसऱ्या दिवशी किटली घेऊन गोदामावशी रांगेत उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. आमच्या गावात त्या वर्षी कुणी काही धाडस केलं असेल तर ते हे, असं मी आज म्हणते. त्या दिवशी मीही इतरांबरोबर त्यांना हसले होते.

पंधरा ऑगस्ट आला. झेंड्याला प्रमुख पाहुणे नाना. सोसायटीतर्फे सातवीच्या मुलींना वह्या वाटायच्या होत्या. पद्धत अशी की एकेकीनं पुढं जायचं, पाया पडायचं, पाहुण्यांनी पाठीवरून हात फिरवायचा आणि वही द्यायची. पहिली गेली रखमा, धनगराची. शेळ्या हाकून तिचा आवाज आमच्यात सगळ्यांत दांडगा. ती टेबलाच्या अलीकडं तीन पावलांवर थांबली, हात जोडले आणि उभी राहिली. नाना हसले. "ये की माय, जवळ ये."

"हितनंच द्या," रखमा म्हणाली. लिंबापर्यंत ऐकू जाईल असं.

नानांना वही घेऊन तीन पावलं पुढं यावं लागलं. दुसरी गेली, तीही तिथंच थांबली. तिसरी. चौथी. बाईंनी त्यांना असं करा म्हणून सांगितलं नव्हतं. पोरींनी आदल्या दिवशी आपापसात ठरवलं होतं, मलाही सांगितलं होतं. सुमन मागच्या रांगेत होती आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिची मान वर होती. सात जणी अशा गेल्या. आठवी मी. पहिल्या ओळीत खुर्चीवर आबा बसले होते. मी सरळ चालत गेले, वाकले आणि नानांच्या पाया पडले. नानांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "ही संस्कारी पोरगी." आबांची छाती फुगली. माझ्यामागून गेलेल्या सगळ्या पाया पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या समोर जायला तयार नव्हते. त्यांनीच गाठलं. म्हणाल्या, "तुझा आवाज घरी नव्हता काल. पहिल्या ओळीत बसला होता. मला दिसला." रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

गाव पेटलं. पण कशावरून पेटलं ते ऐका. पोरी लांब का थांबल्या, हे कुणीही विचारलं नाही. एकानंही नाही. गावानं अर्थ लावला तो असा की कांबळे बाई आपल्या पोरींना आपल्याच माणसाचा विटाळ धरायला शिकवतेय. तिच्या लोकांना आपण लांब ठेवलं, त्याचा ती सूड काढतेय. ज्या गावानं जन्मभर माणसांना पावलं मोजून उभं केलं, त्याला तीन पावलांचा दुसरा अर्थ सुचलाच नाही. शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. बाईंना उभं केलं होतं. आम्ही पोरी खिडकीखाली.

"आमच्या मानसाला शिवायचं न्हाय, आसं शिकिवता व्हय पोरींना?" आबा म्हणाले.

बाईंनी घड्याळ खाली ओढलं. "माझी आज्जी तुमच्या आडापासून किती लांब उभी ऱ्हायची, मोजलंय का कुणी? तिला ते अंतर गावानं दिलं होतं. पोरींनी हे स्वतः घेतलंय. का घेतलंय, ते मला नका विचारू. घरी जाऊन आपापल्या पोरींना विचारा. आणि त्या सांगतील ते ऐका."

कुणी विचारलं नाही. आबांनी मला विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी शाईचं पेन शोधलं. अर्जात लिहिलं होतं की सदर शिक्षिका मुलींना वाह्यात गोष्टी शिकवतात, थोरामोठ्यांचा अवमान करायला लावतात आणि गावात जातीय तेढ पसरवतात. त्या शेवटच्या ओळीचा राग मला अजून येतो. त्या गावात बाईंना प्यायला पेलाभर पाणी सरळ हातात मिळालं नव्हतं, आणि तेढ म्हणे बाईंनी आणली.

बदलीची ऑर्डर महिन्याभरातच आली, तिकडं माकणीच्या बाजूला. एरवी आमच्या शाळेच्या गळक्या पत्र्याचा कागद दोन-दोन वर्षं हलत नसे. त्याच आठवड्यात गोदामावशींनी सुमनला शाळेतून काढलं. लोक बोट दाखवायला लागले होते, हीच ती, हिच्यापायी झालं सगळं. बाईंनी दोन निरोप धाडले. गोदामावशी घरी नाहीत असं उत्तर आलं.

नानांचं काही बिघडलं नाही. ते त्याच खुर्चीवर पुढं कितीतरी वर्षं राहिले, त्यांना हार पडले, सोसायटीच्या नव्या इमारतीवर त्यांच्या नावाची पाटी लागली. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की सगळं नीट झालं.

बाई गेल्या त्या दिवशी संध्याकाळची पाचची गाडी होती. दूध घालायची वेळ. सोसायटीपुढं रांग लागलेली, दारात नाना, आणि रस्त्याच्या पलीकडं फाट्यावर बाई एकट्या. एक ट्रंक, वह्यांचा गठ्ठा, फिरकीचा तांब्या. निरोप समारंभ वगैरे काही नव्हतं. आम्ही पाच-सहा जणी मैदानाच्या तारेपाशी उभ्या होतो, जवळ जायची छाती नव्हती. गाडी आली. कंडक्टरनं ट्रंक वर टाकायला घेतली.

तेवढ्यात रांगेतून गोदामावशी बाहेर आल्या. किटली खाली ठेवली. सोसायटीच्या ओट्यावर सगळ्यांसाठी पाण्याचा रांजण असायचा, त्यात तांब्या बुडवला आणि भरलेला तांब्या घेऊन रस्ता ओलांडून सरळ बाईंच्या पुढ्यात गेल्या. तांब्या उंच धरला नाही. हातात दिला.

बाईंनी तो घेतला, पण प्यायल्या नाहीत. "पाणी मागनं पिते. सुमन उद्या शाळेत दिसंल का?"

गोदामावशी काहीतरी पुटपुटल्या.

"मला नका सांगू, मी चालले. तिकडं सांगा. ऐकू गेलं पाहिजे."

गोदामावशी वळल्या. नाकापर्यंतचा पदर मागं सारला. रांगेतल्या पोरींसमोर, नानांसमोर, खिडक्यांतून बघणाऱ्या साऱ्या गाडीसमोर त्या ओरडल्या, "माझी सुमी उद्या शाळंत येनार हाय."

मग बाई प्यायल्या. तोंड लावून, सावकाश, कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून ताटकळलेला असताना. तांब्या परत दिला आणि गाडीत चढल्या. तांब्यात उरलेलं पाणी गोदामावशींनी तिथंच उभ्यानं पिऊन टाकलं. रस्ता ओलांडून आल्या आणि तांब्या सोसायटीच्या रांजणावर, जागच्या जागी, उपडा ठेवला. नाना म्हणाले, "वैनी, तुमचं दूध आत आना, डिग्री बघू."

गाडी हलली होती. मैदानाला वळसा घालून ती लिंबाच्या पलीकडच्या वळणावर पोहोचली होती.

"न्हाय येनार म्या आत," गोदामावशी म्हणाल्या. "नळी भाईर आना."

आम्ही वळून बघितलं. वळणावरच्या गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, वर झाला, आणि त्याच्यावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरलं.